खड्ड्याच्या तळाला जेट ग्राउटिंगचं बूच: जागा, अंतर आणि गळती

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मजली तळघरासाठी २० बाय ३० मीटरचा, ९ मीटर खोल खड्डा घ्यायचा आहे. बोअर लॉगमध्ये (चाचणी भोकातल्या थरांच्या नोंदीत) खालपर्यंत बारीक, थोडी गाळमिश्रित रेती दिसते. पाणी जमिनीखाली २ मीटरवर लागतं. चारही बाजूंनी सीकंट पाइलची (एकमेकांत कापून बसवलेल्या काँक्रीट खांबांची) भिंत आहे आणि शेजारी उथळ पायाची जुनी इमारत आहे, म्हणून बाहेरची पाणीपातळी उतरवायची नाही. ठेकेदार सुचवतो की खोदाईच्या तळाला लागूनच २ मीटर जाडीचा जेट ग्राउटिंगचा बॉटम प्लग, म्हणजे पाणी अडवणारं तळाचं बूच, करू. (जेट ग्राउटिंग म्हणजे ग्राउटच्या, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या मिश्रणाच्या, जोरदार धारेने माती कापून तिथेच गोल कॉलम तयार करणं.) कॉलमचा व्यास १.६ मीटर, कॉलम त्रिकोणी जाळीत १.३८ मीटर अंतरावर आणि ताकद ५ मेगापास्कल. हे चालेल का?

या रूपात चालणार नाही. ताकदीला काही अडचण नाही, रेतीत ५ मेगापास्कल सहज मिळतात. चुकली आहे ती बुचाची खोली आणि कॉलममधलं अंतर.

पण बुचाकडे वळण्याआधी बोअर आणखी खोल घ्या, निदान दोन ठिकाणी ३० मीटरपर्यंत. २२–२५ मीटरवर सलग चिकणमातीचा थर किंवा खडक लागला तर भिंतच तिथपर्यंत नेऊन रोवायची आणि बूच विसरायचं. मुंबईत बऱ्याच ठिकाणी भराव, मरीन क्ले आणि मुरूम ओलांडला की बेसाल्ट किंवा ब्रेशिया हाताशी येतो. तिथे जेट ग्राउटिंगचं खरं काम असतं दोन पाइलमधल्या फटी आणि भिंत-खडकाचा सांधा बंद करण्याचं, अख्खा तळ बांधण्याचं नाही. सहाशे चौरस मीटरचं बूच हा महागडा उपाय आहे. खाली पाणी अडवणारं काहीच नसेल तेव्हाच तो करावा.

आता खोलीचा हिशोब. बूच ९ ते ११ मीटरवर असेल तर त्याच्या बुडाखाली पाण्याची उंची ९ मीटर, म्हणजे वर ढकलणारा दाब सुमारे ८८ किलोपास्कल. बुचाचं स्वतःचं वजन दर घनमीटरला १९ किलोन्यूटन धरलं तर ३८ किलोपास्कल. उरलेले ५० किलोपास्कल ६०० चौरस मीटरवर म्हणजे सुमारे ३,००० टनांची उचल. सळई नसलेलं, तन्यतेत कच्चं असं २ मीटरचं ग्राउट २० मीटरच्या गाळ्यावर ही उचल घेणार नाही. कमानीसारखं काम करेल हा युक्तिवाद अरुंद खंदकात पटतो, इथे नाही. एकतर खाली ओढून धरणारे टेन्शन पाइल किंवा अँकर द्यावे लागतील, नाहीतर बूच खाली नेऊन त्याच्या डोक्यावर मातीचं वजन ठेवावं लागेल. दुसरा मार्ग साधा आहे. बुचाचं बूड जमिनीपासून ज्या खोलीवर आहे, त्या खोलीवर वरच्या माती-बुचाचं एकत्र वजन पाण्याच्या दाबाच्या १.१ पट झालं पाहिजे. तुमच्या आकड्यांनी ती खोली १८.२ मीटर येते. तपासून पाहा: पाणी १६.२ मीटर, दाब १५९ किलोपास्कल, वर ९.२ मीटर माती आणि बूच मिळून १७५ किलोपास्कल. म्हणजे बूच १६.२ ते १८.२ मीटरवर बसवायचं आणि भिंतही तिथवर न्यायची. पावसाळ्यात पाणी १ मीटरवर चढत असेल तर हाच हिशोब त्या पातळीने करा. बूड आणखी सुमारे १.३ मीटर खाली जाईल. या १.१ मध्ये भिंतीशी होणारं घर्षण धरलेलं नाही, आणि ते धरूही नये.

खोल बुचाचा एक तोटा असा की ते खोदाईच्या तळाशी भिंतीला टेकू देत नाही. तळाला लागून असलेलं बूच भिंतीला पुरलेल्या स्ट्रटसारखं (आडव्या टेकूसारखं) धरतं, आणि मऊ चिकणमातीत बऱ्याचदा त्याच कारणासाठी ते केलं जातं. सिंगापूरच्या सर्कल लाइन मेट्रोच्या निकोल हायवे खोदाईत असे दोन थर होते: वरचा १.५ मीटरचा, खोदत जाताना काढून टाकायचा, आणि खालचा २.६ मीटरचा. वरचा थर काढताना, २० एप्रिल २००४ रोजी, नवव्या पातळीवरचे स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांचे सांधे निकामी होऊन खोदाई कोसळली आणि चार जण गेले. चौकशीत मुख्य बोट सांध्यांच्या अपुऱ्या डिझाइनवर आणि मातीच्या विश्लेषणातल्या चुकीवर ठेवलं गेलं, ग्राउटवर नाही. तरी ग्राउटचा टेकू काढून घेतला की त्याचा भार त्याच क्षणी स्टीलच्या स्ट्रटवर जातो, हे गणितात टप्प्याटप्प्याने मांडलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे बूच खोल जाणार, तेव्हा ९ मीटरच्या तळापाशी भिंतीला धरणारं काय आहे हे स्ट्रक्चरल डिझायनरला आधी विचारा.

अंतराचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, कारण जवळजवळ सगळी गळती तिथून येते. १.६ मीटर व्यासाचे तीन कॉलम त्रिकोणात १.३८ मीटरवर ठेवले की मधला बिंदू कागदावर अगदी जेमतेम बंद होतो. पण कॉलमसाठी पाडलेलं भोक कागदावरच सरळ असतं. एक टक्का तिरकेपणा ही नेहमीची मर्यादा. १८ मीटर खोलीला ती १८ सेंटिमीटर होते. तिन्ही कॉलम एकमेकांपासून दूर सरकले आणि व्यासही १.६ ऐवजी १.५ मिळाला, तर मधली फट बंद राहण्यासाठी अंतर हवं १.७३२ गुणिले (०.७५ वजा ०.१८), म्हणजे ०.९८ मीटर. अंतर १.३८ असताना दर कॉलमच्या वाट्याला १.६५ चौरस मीटर येतं आणि ६०० चौरस मीटरला सुमारे ३६५ कॉलम पुरतात. अंतर ०.९८ केलं की तेच ७२० होतात. कोटेशन इतकं स्वस्त कसं, याचं उत्तर इथे आहे.

तिन्ही भोकं एकाच वेळी उलट दिशांना पळतील हे टोकाचं गृहीतक आहे हे मान्य. पण इतक्या शेकडो त्रिकोणांत एखादा तसा निघतोच, आणि पाण्याला एक पुरतो. यातून स्वस्तात सुटायचं तर सिमेंट वाढवून उपयोग नाही, ड्रिलिंग सुधारायला हवं. तिरकेपणा अर्धा टक्का ठेवता आला तर अंतर १.१४ मीटर आणि कॉलम ५३५ च्या आसपास. म्हणजे १८० हून जास्त कॉलम वाचले. त्यासाठी रिग (भोक पाडायचं यंत्र) घट्ट, सपाट काँक्रीटच्या थरावर उभा करा, मास्टचा ओळंबा दोन दिशांनी डिजिटल लेव्हलने बघा, जाड आणि ताठ रॉड वापरा, बिटमागे स्टॅबिलायझर लावा आणि बिटवर जोर देऊन घाई करू नका. शिवाय प्रत्येक भोक जेटिंगच्या आधी रॉडमध्ये इन्क्लिनोमीटर सोडून मोजा. मोजलेल्या जागा आणि ट्रायलमध्ये सिद्ध झालेला व्यास घेऊन १८ मीटरवरचा नकाशा रोज संध्याकाळी काढायचा. जिथे त्रिकोण उघडा दिसेल तिथे जादा कॉलम, दुसऱ्या दिवशीच. रिग साइटवर असताना जादा कॉलम फार महाग पडत नाही, रिग गेल्यावर तोच डोईजड होतो.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: या कामात ७२० भोकं १८.२ मीटर म्हणजे १३ किलोमीटर ड्रिलिंग आहे आणि जेटिंग फक्त १.४ किलोमीटर. तुम्ही खरंतर ड्रिलिंगचा ठेका देत आहात. ठेकेदार निवडताना पंप किती मोठा हे विचारण्याआधी तिरकेपणा कशाने मोजतो ते विचारा.

आता जेटचं तंत्र, आकड्यांसह. जपानमध्ये १९७० च्या आसपास ही पद्धत रुळली ती तीन प्रकारांत. एकद्रव पद्धतीत फक्त ग्राउटची धार माती कापते. व्यास साधारण ०.५ ते १ मीटर. द्विद्रवमध्ये त्या धारेभोवती हवेचं वेष्टण असतं, त्यामुळे पाण्याखालीही धार लवकर मरत नाही आणि व्यास १ ते २ मीटर जातो. त्रिद्रवमध्ये पाणी-हवेची धार कापते आणि खालच्या नोझलमधून ग्राउट कमी दाबाने भरतं. तुमच्या रेतीला द्विद्रव योग्य. भिंतीच्या फटी शिवायला एकद्रव पुरे, आणि जुन्या पायाजवळ तर तेच बरं, कारण हवा अडकली तर जमीन उचलते.

१.६ मीटरसाठी सुरुवातीचे आकडे असे घ्या: ग्राउट ४०० बार, ४ मिलिमीटरची दोन नोझल समोरासमोर, पाणी-सिमेंट प्रमाण १.०, हवा ७ ते १२ बार, उचल दर १० सेकंदांना ४ सेंटिमीटर, फेरे मिनिटाला १२, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोन पूर्ण फेरे. या दाबाला धारेचा वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर आणि दोन नोझलचा मिळून प्रवाह मिनिटाला सुमारे ३१५ लिटर येतो. एक मीटर कॉलमला ४ मिनिटांहून थोडा जास्त वेळ, १,३०० लिटर ग्राउट आणि एक टन सिमेंट, म्हणजे मीटरमागे २० पोती. पूर्ण बुचाला सुमारे १,४४० टन. हा आकडा पाहून कुणी उचल वेगवान करायला सांगितली तर लक्षात ठेवा: व्यास वेळेने मिळतो. माती एकदा कापली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला धार पुढे सरकते. उचल दुप्पट केली की मीटरमागची ऊर्जा निम्मी होते, आणि व्यास किती घटला हे वर कुणालाही दिसत नाही.

प्रमाण १.० च्या ग्राउटची घनता १.५१ आली पाहिजे. मड बॅलन्सने (घनता मोजायच्या तराजूने) दर तासाला आणि सिमेंटच्या प्रत्येक नव्या सायलोला मोजा, १.४५ आली तर कुठेतरी पाणी जास्त चाललंय. समुद्राजवळ किंवा खाडीकाठी स्लॅग सिमेंट वापरा. बेंटोनाइट घालायचंच असेल तर सिमेंटच्या १ ते ३ टक्के, तेही आधी पाण्यात भिजवून फुगवलेलं. हाय-शिअर मिक्सर आणि पंपाआधी बारीक जाळी या दोन गोष्टींत तडजोड नको, कारण सिमेंटची एक गुठळी ४ मिलिमीटरच्या नोझलला पुरते.

नोझल तुंबणं हाच सगळ्यात कपटी बिघाड. ऑपरेटर दाबाच्या काट्याकडे बघतो. दोनपैकी एक नोझल बंद पडलं तर दाब एकदम चढतो, तो पंप हळू करून पुन्हा ४०० वर आणतो आणि सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात प्रवाह निम्मा झालेला असतो आणि कॉलम बारीक. उलट नोझल झिजलं तर त्याच दाबाला प्रवाह वाढतो, धार फाटते आणि लांबवर पोचत नाही. म्हणून रेकॉर्डरवर दाब आणि प्रवाह दोन्ही शेजारी शेजारी हवेत, खोली, फेरे, उचल आणि हवेसकट. नोझल रोज काढून गेजने मोजा. मधे थांबावं लागलं, रॉड काढावा लागला, तर पुन्हा सुरू करताना निदान ३० ते ५० सेंटिमीटर खाली जाऊन आधीच्या भागावरून जेट करा, नाहीतर तिथे मातीची चकती राहते.

वर येणारा गाळ, ज्याला साइटवर स्पॉइल म्हणतात, तो या कामाची नाडी आहे. आत जितकं ढकलता साधारण तितकं रॉडभोवतीच्या जागेतून वर आलंच पाहिजे. ९० मिलिमीटर रॉडला १३० ते १५० मिलिमीटरचं भोक ठेवतात ते यासाठी. गाळ थांबला की आतला दाब जमिनीवर येतो आणि फरशी, फुटपाथ, शेजारचा पाया उचलला जातो. कधी ग्राउट जुन्या ड्रेनेजमध्ये निघतं. दहा-पंधरा सेकंद गाळ आला नाही तर जेट बंद, कमी दाबाने धुवून वाट मोकळी, मगच पुढे. एका माणसाचं काम फक्त भोकाच्या तोंडाकडे बघणं आणि हातवारे करणं हेच असू द्या. चिकट मातीचा मधला थर असेल तर तिथे ढेकळं अडकतात; आधी नुसत्या पाण्याने एक फेरी कापून घेतली की सुटतं. या कामात सुमारे १,९०० घनमीटर सिमेंटमिश्रित गाळ निघेल. त्याची टाकी, सुकवायची जागा आणि नेण्याची परवानगी आधी ठरलेली हवी; गाळ ठेवायला जागा नाही म्हणून रिग उभे राहणं हे फार नेहमीचं आहे.

ट्रायल कॉलमशिवाय उत्पादन सुरू करू देऊ नका. तीन कॉलम, तीन वेगवेगळ्या उचलींनी, त्याच मातीत. उथळ असेल तर खोदून उघडे करून टेपने मोजता येतात. १६ मीटरवर खोदता येत नाही, म्हणून उथळ ट्रायलसोबत खऱ्या खोलीवरही एक करा: ठरलेल्या अंतरांवर आधी पाइप उभे करून धार त्यांच्यावर आदळते का ते ऐका, आणि कॉलमच्या मध्यात तापमानाचे सेन्सर सोडून हायड्रेशनच्या उष्णतेवरून व्यासाचा अंदाज घ्या. नंतर कोअर (ड्रिलने कापून काढलेले दंडगोल नमुने) घ्या, पण मध्यातून नाही. मध्य नेहमीच छान असतो. कोअर कडेजवळ आणि तीन कॉलमच्या मधल्या बिंदूवर घ्यायचा, ट्रिपल ट्यूब बॅरलने, निदान २८ दिवसांनी. वर आलेल्या गाळाचे क्यूब करून ताकद दाखवणारे अहवाल पाहायला मिळतात. ते कॉलमची ताकद सांगत नाहीत.

क्रमाबद्दल थोडकंच: एक सोडून एक कॉलम घ्या, शेजारचा कमीत कमी एक दिवसाने. फार उशीरही नको, कारण घट्ट झालेल्या कॉलममागे धारेची सावली पडते आणि तिथली माती तशीच राहते. भरावात दगड असले तर हीच सावली दगडामागे पडते. दगड-विटांच्या भरावात जेटवर पाणी अडवण्याची भिस्त ठेवू नये. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत तर ताजा कॉलम म्हणजे पातळ चिखल, तो काहीच वजन घेत नाही. तिथे एका दिवसात एका फुटिंगखाली एकच, आणि भोक भरून राहीपर्यंत वरून ग्राउट ओतत राहा, कारण कॉलमचं डोकं बसतं. इमारतीवर सेटलमेंट पॉइंट लावून काम चालू असताना मोजणी दर तासाला.

भिंत आणि बूच यांचा सांधा वेगळा विचारात घ्या. सीकंट पाइलच्या दोन गोलाईंमधल्या खाचेत माती चिकटून राहते. त्यासाठी भिंतीलगतची एक रांग खाचांसमोर, जवळ जवळ घ्यावी लागते. मधल्या जाळीचं अंतर तिथे चालत नाही. ड्रॉइंगमध्ये ही रांग बहुधा नसतेच.

खोदाईआधी पंप टेस्ट कराच. बूच २८ दिवसांचं झालं की आतल्या विहिरींतून पाणी खोदाईच्या तळाखाली अर्धा-एक मीटर उतरवा आणि तीन दिवस तिथेच ठेवा. आत किती पाणी येतं ते मीटरने, बाहेरची पातळी पीझोमीटरने (जमिनीतली पाणीपातळी मोजायच्या नळीने) बघा. ओल्या पृष्ठभागाच्या दर १,००० चौरस मीटरला सेकंदाला १.५ लिटर ही सर्रास वापरली जाणारी मर्यादा. तुमचा तळ ६०० आणि पाण्याखालची भिंत सुमारे १,६०० चौरस मीटर, म्हणजे एकूण ३.३ लिटर, मिनिटाला २०० लिटरच्या आसपास. त्याहून जास्त आलं तर आताच शोधा: बाहेरचा कुठला पीझोमीटर उतरला, नकाशावर त्याच्याजवळ कुठला त्रिकोण किंवा भिंतीची खाच संशयास्पद आहे. या वेळी वर १६ मीटर माती बसलेली असते, रेती वाहून येत नाही, दुरुस्ती निवांत करता येते. टेस्ट टाळून वाचवलेला आठवडा नंतर महिन्यांनी फेडावा लागतो.

खोदताना पाणी दिसलं तर प्रमाणापेक्षा रंग आधी बघा. स्वच्छ पाण्याची झिरप पंपाने सांभाळता येते, फिल्टर लावून वाट द्या. गढूळ पाणी म्हणजे बाहेरची रेती आत येतेय आणि जुन्या इमारतीखाली पोकळी होतेय. त्या वेळी जास्त पंप लावणं ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. त्या जागी लगेच वाळूच्या पिशव्या आणि भराव टाका. आवरत नसेल तर खड्ड्यात पाणी सोडून आतली पातळी बाहेरच्या जवळ आणा. खड्डा बुडवायची तयारी, म्हणजे पाण्याची सोय, अधिकार कुणाला आणि माणसांना बाहेर काढायचा रस्ता, पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेली असावी, कारण त्या क्षणी निर्णय घ्यायला कुणीच धजत नाही. मग पॉलीयुरेथेन किंवा सिलिकेटने गळती बांधायची आणि संशयित जागी कॉलम पुन्हा घ्यायचे.

आणि ४०० बारची धार हवेत कधीही उघडू नका. नोझलची चाचणी भोकात किंवा बंदिस्त पिंपातच करायची. होज सांध्यांना साखळ्या आणि पंपाभोवती कठडा हवाच. त्या धारेने त्वचेला झालेलं टाचणीएवढं भोकही आत खोलवर ग्राउट घुसवतं, ते बँडेजचं काम नाही, त्या माणसाला ताबडतोब सर्जनकडे न्यायचं आणि दाबाने घुसलेली जखम आहे हे स्पष्ट सांगायचं.

ठेकेदाराला परत पाठवताना चार गोष्टी लेखी मागा: १८.२ मीटर बुडाचा उचलीचा हिशोब, प्रत्येक भोकाचा मोजलेला तिरकेपणा, खऱ्या खोलीवरच्या ट्रायलमधून आलेला किमान व्यास, आणि पंप टेस्ट पास होईपर्यंत राखून ठेवायची रक्कम. कॉलमची संख्या त्यातून आपोआप ठरेल, आणि ती ३६५ नसेल.